मांगराच्या जोत्यावरची कार्यशाळा

वाचकाचं पत्र: पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला आयुष्य काढून यंदा मार्चमध्ये निवृत्त झालो आणि कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचा राहायला आलो. सुतारकामाची आवड पहिल्यापासून आहे. आता मनासारखी कार्यशाळा बांधायची आहे. सोबत नकाशा पाठवतो. घराच्या पश्चिमेला, रस्त्यालगत (लाकूड उतरवायला सोपं), ३० बाय २० फुटांचा एकच हॉल, वर स्लॅब, पुढे दोन शटर. स्लॅबवर पुढेमागे पाहुण्यांसाठी खोली काढता येईल. घरी आई (८२) आणि पत्नी. मुलगा-सून ठाण्याला, नात ९ वर्षांची, नातू ४ वर्षांचा. ते मे महिन्यात, गणपतीला आणि दिवाळीला येतात. पत्नी म्हणते, ‘एका कारखान्यातून सुटलात आणि दारात दुसरा कारखाना घालताय.’ तिचंही चुकत नाही. सगळे आनंदाने येऊन बसतील अशी जागा कशी करावी? घराच्या मागे पूर्वेला पडक्या मांगराचं, म्हणजे अवजारं-चारा ठेवायच्या जुन्या छपरीचं, जोतं आहे. ते काढून तिथे बाग करायचा विचार आहे. विहिरीकडचा फणस तोडला तर त्याचंच लाकूड वापरता येईल. काम कधी सुरू करावं तेही सांगा. — एक वाचक, ता. कुडाळ

नमस्कार.

विहीर, फणस, स्वयंपाकघराचं मागचं दार, मांगराचं जोतं, सगळी अंतरं तुम्ही फुटांत दिलीत, त्यामुळे जागा डोळ्यांसमोर उभी राहिली. टूलरूमचा हात लगेच ओळखू येतो. पण नकाशात एक गोष्ट दिसली नाही. मशिन कुठे ठेवणार हे आहे, माणसं कुठे बसणार हे नाही. वहिनींचा आक्षेप मला वाटतं तिथेच आहे. मोठा हॉल बांधला की त्यात सगळे आपोआप मावतील, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात करवत सुरू झाली की त्या हॉलमध्ये एकच माणूस उरतो.

म्हणून माझं सांगणं असं: कार्यशाळा मांगराच्या जोत्यावर बांधा. बंद खोल्या लहान करा आणि वाचलेली जागा पडवीला द्या. पडवी हीच तुमच्या इमारतीची मुख्य खोली समजा आणि मोजायला सुरुवात तिथूनच करा.

आधी जागेविषयी. कोकणात दिवसा वारा समुद्रावरून येतो आणि पावसाळ्यात तर नैऋत्येकडूनच झोडपतो. तुमच्या नकाशातला हॉल घराच्या पश्चिमेला आहे. म्हणजे वर्षाचे बहुतेक दिवस लाकडाचा भुसा, थिनरचा वास आणि मोटरचा आवाज वाऱ्याबरोबर थेट तुमच्या ओटीवर येणार. मे महिन्यात वहिनी अंगणात आमसुलं वाळत घालत असतील. रसाने ओलसर झालेल्या त्या सालांवर भुशाचा एक थर बसला तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. मांगराचं जोतं पूर्वेला आहे, म्हणजे घर वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतं. शिवाय तुमच्या मोजणीप्रमाणे मागच्या दारापासून जोतं चाळीसेक फुटांवर आहे. स्वयंपाकघरातून हाक मारली की ऐकू जाईल आणि चहाचा कप थंड न होता पोचेल एवढंच ते अंतर. कुटुंबाने एकत्र वापरायच्या जागेसाठी याहून चांगलं अंतर मला सांगता येणार नाही.

रस्त्यालगत असलं की लाकूड उतरवायला सोपं, हा तुमचा मुद्दा मी वाचला. पण वखारीतून टेम्पो वर्षातून दोनदा-तीनदा येईल, माणसं रोज येणार आहेत. लाकूड हातगाडीने मागे नेता येतं.

जोत्याला हात लावण्याआधी एक कागद मात्र बघा. सातबारा एकट्या तुमच्या नावावर आहे की सामाईक? आपल्याकडे आजोबा-पणजोबांची नावं अजून लागलेली असतात आणि चुलत भावंडं मुंबईला असतात. जोतं वर्षानुवर्षं पडून राहिलं तोवर कुणी विचारत नाही. जांभ्याचे चिरे येऊन पडले की फोन सुरू होतात. सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घर-जागेची नोंद) तपासा, ग्रामसेवक आणि तलाठी दोघांशी बोलून परवानगी कुठून लागते ते ठरवा आणि मगच गवंड्याला बोलवा. भावकीत कटुता आली तर त्या पडवीत बसून कुणालाच आनंद होणार नाही.

आता आकार. जोतं बाहेरून २८ बाय २४ आहे, लांबी पूर्व-पश्चिम. उत्तरेकडचे ८ फूट पूर्ण लांबीभर पडवीला सोडा. उरलेल्या १६ फुटांत दोन खोल्या: पूर्वेच्या टोकाला मशिनची, पश्चिमेला, म्हणजे घराच्या बाजूला, हातकामाची. नऊ इंची चिऱ्याच्या भिंती धरल्या तर मशिनची खोली आतून साडेअकरा बाय साडेचौदा आणि हातकामाची चौदा बाय साडेचौदा पडेल. दोन्ही मिळून पावणेचारशे चौरस फुटांच्या आत. सहाशेच्या हॉलपुढे हे तुम्हाला लहान वाटेल. पण टेबलावर बसवलेली करवत, रंधा मशीन, ड्रिल आणि लहान लेथ एवढं एका माणसाच्या हाताखाली असायला ही खोली पुरते. अडचण फक्त लांब फळ्यांची. आठ फुटी फळी चिरायला पात्याच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात. त्यासाठी खोली वाढवू नका. करवत उत्तर-दक्षिण लावा आणि पात्याच्या रेषेत दक्षिणेच्या भिंतीत, बरोबर टेबलाच्या उंचीवर, दीड फूट रुंद आणि फूटभर उंच झडप ठेवा. फळीचं शेपूट झडपेतून बाहेर जाईल. काम संपलं की झडप बंद, आतून खिटी. एरवी या झडपेपाशी कुणी उभं राहणार नाही अशी बाहेर झाडं लावून टाका.

मशिनच्या खोलीचं मुख्य दार पूर्वेला, सहा फुटी, दोन फळ्यांचं. ते पडवीत उघडायचं नाही. भुसा खेचणारा पंखाही पूर्वेच्याच भिंतीत, आणि त्याच्याआधी भुसा गोळा करणारं यंत्र. यात काटकसर करू नका. लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालच्या अहवालात स्पष्ट नोंदवलं आहे. नाकाचा आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. जाड भुसा खाली बसतो, तो झाडता येतो. डोळ्याला न दिसणारी धूळ कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते. मशीन बंद केल्याकेल्या नातवंडांना आत घेऊ नका. चांगला मास्क तुम्ही स्वतःही लावा, सवय नसली तरी लावा.

दोन खोल्यांमधली भिंत थेट छपरापर्यंत न्या. आपल्या कौलारू घरांत आतल्या भिंती बहुतेक वेळा भालाच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या, पातळीवर थांबतात आणि वरून सगळं घर एक असतं. हवेला ते चांगलं, पण इथे आवाज आणि धूळ दोन्ही वरून पलीकडे उतरतील. या भिंतीत एक दार कुलूपवालं. आणि दाराशेजारी एक न उघडणारी काचेची खिडकी, टफन्ड काचेची, चार फूट रुंद, जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होणारी. ही खिडकी खास मुलांसाठी. नातवाला स्टुलावर उभं राहून लेथवर लाकूड गोल होताना बघू दे. मुलांना मशिनपासून लांब ठेवायचं तर बघायला जागा द्यावी लागते, नाहीतर ती दार ढकलतात.

तुमच्या भागात गणपतीची शाळा असते. मूर्तिकाराच्या त्या कार्यशाळेला आपण शाळाच म्हणतो, आणि श्रावणात गावातली पोरं शाळा सुटल्यावर त्या दुसऱ्या शाळेत जाऊन बसतात. त्यांना कुणी बोलावत नाही. तरी ती का रमतात? एक तर काम उघड्यावर, डोळ्यांसमोर चाललेलं असतं. दुसरं, भिंतीकडेला कुणाच्या पायात न येता बसायला जागा असते. आणि तिसरं, अधूनमधून हाताला खरं काम मिळतं: माती मळून दे, साच्याला भुकटी मार, उंदराला रंग दे. कुटुंबाला आवडेल अशी कार्यशाळा म्हणजे काय, हे तिथे जाऊन तासभर बसलात तर माझ्या पत्रापेक्षा चांगलं कळेल. वहिनींनाही सोबत न्या.

हातकामाच्या खोलीची उत्तरेची भिंत शक्य तेवढी उघडी ठेवा. चार फळ्यांचं घडीचं दार करा. ते पूर्ण सरकवलं की खोली आणि पडवी एक होते. रंधा, पटाशी, करवत, गुण्या, खतावणी (लाकडावर रेघ मारायची), सामता (भोक पाडायचा) यांचं काम इथे. तुमचं टेबल दारापासून आत, आणि त्याच्या काटकोनात मुलांचं टेबल. मोठ्यांच्या टेबलाची उंची उभं राहून हात सैल सोडले की मनगटापर्यंत यावी, म्हणजे ३२ ते ३४ इंच. मुलांचं २४ इंचांचं करा, पण तितकंच दणकट, शिकंजा लावलेलं. हलणारं टेबल मिळालं की मूल दोन दिवसांत कंटाळतं. हत्यारंही खरी द्या, फक्त लहान. नऊ वर्षांच्या मुलीला बारीक दातांची करवत, हातोडी, कानस, सामता नीट वापरता येतो. पटाशी तुम्ही शेजारी असतानाच, आणि दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून. नातवाला खिळा सहज शिरेल एवढं मऊ लाकूड आणि पॉलिश पेपर पुरे. शिकायला साग नको, महाग आहे आणि मुलं बिचकतात. शिवण किंवा पांगारा घ्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचीच होत आली आहेत. कुडाळहून सावंतवाडी जवळच आहे. दिवाळीत मुलांना चितारआळीत घेऊन जा. लाकडी फळं बघून आलेली नात परत आल्यावर तुमच्याकडे काय मागेल हे मी आत्ताच सांगू शकतो.

आता पडवी. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

उत्तरेला का, तर पाऊस नैऋत्येचा, म्हणून उत्तरेची पडवी सर्वांत कोरडी राहते. तुमचं मागचं दार नकाशात जोत्याच्या उत्तर टोकासमोर आहे, म्हणजे स्वयंपाकघरातून पडवी सरळ दिसेल. ऊन म्हणाल तर कुडाळ साधारण १६ अंश अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. पण तो इतका उभा असतो की तीन फुटांच्या पाख्याखाली ऊन येत नाही. मे महिन्यात दुपारी बसायला घराइतकीच, कदाचित घराहून गार जागा हीच असेल.

आठ फुटांहून कमी रुंदी करू नका. सहा फुटांत खाट टाकली की येण्याजाण्याची वाट बंद होते. आठ फुटांत भिंतीकडेला कट्टा, त्यापुढे काम करणारा माणूस आणि त्याच्या मागून जाणारा माणूस, तिघे मावतात. पश्चिमेचं टोक, घराजवळचं, आईंना द्या. त्यांच्यासाठी अठरा इंच उंचीचा, पाठ टेकता येईल असा लाकडी बाक करा. मला वाटतं नव्या कार्यशाळेतलं पहिलं काम तेच असावं. तिथून त्यांना मागचं दार, विहीर आणि तुमचं टेबल, तिन्ही दिसायला हवं. म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा देऊन भागत नाही, बघायला काहीतरी चालू लागतं. कोकमं फोडणं, नारळाच्या झावळीचे हीर काढणं, शेंगा सोलणं ही कामं त्या आजही करत असतील तर ती इथे येतील, कुणाला सांगावं लागणार नाही.

मधला भाग वहिनींचा. शिवणयंत्र असेल, गोधडीचं काम असेल, त्यासाठी खिडकीसारखा उजेड आणि प्लग पॉइंट हवा. पण त्यांचं मन काय म्हणतं ते मला तुमच्या पत्रातून नीटसं कळलं नाही. त्यांना विचारा. ‘तुला कार्यशाळेत काय हवं’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘काही नको’ असंच येतं. ‘मे महिन्यात दुपारी तीन वाजता तू कुठे असतेस आणि तिथे काय अडचण होते’ असं विचारा. सूनबाईंनाही फोनवर हेच विचारा. घरातल्या प्रत्येकाची एकेक अडचण पडवीत सुटली तर तिथे कुणाला बोलवावं लागणार नाही.

पूर्वेचं टोक रंग आणि पॉलिशचं. इथे वाऱ्याने वास बाहेर जाईल. एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. जवसाच्या तेलाने पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात किंवा भुशाच्या पोत्यावर टाकायची नाही, कधीच नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चिंधीच्या बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न ओढता चिंधी पेट घेते, तीही तुम्ही घरी जेवायला गेल्यावर काही तासांनी. चिंधी बाहेर तारेवर पूर्ण पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा. लाकडाच्या छपराखाली हा नियम घरातल्या सगळ्यांना ठाऊक असला पाहिजे.

पडवीला गजांची जाळी लावू नका, पिंजरा होतो. अडीच फुटांचा बांबूचा कठडा पुरे, चार वर्षांचं मूल आहे म्हणून तेवढा मात्र हवाच. तुमच्याकडे माणगा मिळतो, जवळजवळ भरीव असतो, कठड्याला उत्तम. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेलाच घ्या, नाहीतर कीड लागून वर्षभरात खाली पिवळं पीठ पडायला लागेल. कुडाळलाच कोकण बांबू आणि केन विकास केंद्र आहे, प्रक्रियेची माहिती तिथे मिळेल.

चढउतार. जोतं दीड फुटांच्या खाली ठेवू नका, पावसाचं पाणी आणि वाळवी दोन्हींसाठी. दीड फुटांना पायऱ्या तीन येतात. शेजारी एकास बाराचा उतारही करा, म्हणजे १८ फूट लांब. आईंना काठी टेकत चढता येईल आणि त्याच उतारावरून हातगाडी वर जाईल. उतारावर गुळगुळीत सिमेंट नको. जुलैत शेवाळ धरलं की धडधाकट माणूसही घसरतो. खरबरीत चिराच लावा आणि एका बाजूला हात धरायला दांडा.

छपराबद्दल तुम्ही स्लॅब विचारलात. माझं स्पष्ट मत नाही असं आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे स्लॅब आज ना उद्या पाझरतो, उन्हाळ्यात तापतो, आणि खाली करवत चालू असताना वरच्या खोलीत कोणता पाहुणा झोपेल? चौपाखी छप्पर करा. चारही भिंतींना पाखं मिळतं, आणि वादळात तिकोनी भिंतीच्या छपरापेक्षा चौपाखी छप्पर जास्त टिकाव धरतं. २०२० चं निसर्ग रायगडात शिरलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते तुमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं, तेव्हा किती छपरं उडाली हे तुमच्या गावात कुणीही सांगेल. पडवीसारख्या उघड्या भागात वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो, म्हणून खांब, भाल आणि वासे लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना बांधून घ्या आणि खांबाचे पाय काँक्रीटमध्ये नीट आवळा. खांब लाकडी असतील तर दगडी बैठकीवर, मातीत नको. वर मंगलोरी कौलं, खाली पत्रा अशी पद्धत आता बऱ्याच ठिकाणी दिसते. ती चांगली आहे. वानरांनी कौल सरकवलं तरी मशिनवर पाणी येत नाही आणि नुसत्या पत्र्यासारखा पावसाचा धडधडाट होत नाही. हातकामाच्या टेबलावर उजेडासाठी आठ-दहा काचेची कौलं आणि त्याखाली पारदर्शक पत्रा ठेवा.

भिंती चिऱ्याच्या, बाहेरून उघड्या छान दिसतात. आतून मात्र गिलावा करून चुना मारा. जांभ्याच्या भोकांत भुसा बसतो तो कधीच निघत नाही. शिवाय पांढऱ्या भिंतीवर वाळवीची मातीची रेघ पहिल्याच दिवशी दिसते. पाया भरताना वाळवीप्रतिबंधक औषध मारून घ्या. जमिनीला हातकामाच्या खोलीत कोबा आणि टेबलापुढे लाकडी फळ्यांची मांडणी: पायांना बरं आणि पटाशी पडली तर धार वाचते.

विजेचं काम तुम्हाला शिकवावं असं नाही, पण गावची वीज आणि कारखान्याची वीज यांत फरक आहे. दोन एचपीपर्यंतच्या मोटरी सिंगल फेजवर भागतील, त्यावर जायचं असेल तर महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज आत्ताच टाका. सर्वांत मोठी भीती अशी: पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते. करवत चालू असताना गेली, तुम्ही कंटाळून चहाला घरी गेलात, बटण तसंच राहिलं, आणि वीज आली. रिकाम्या खोलीत पातं फिरायला लागतं. म्हणून प्रत्येक मशिनला वीज गेली की आपोआप सुटणारा स्टार्टर हवा, जो पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही. साध्या खटक्यावर एकही मशीन ठेवू नका. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच), मशिनच्या खोलीचा मेन स्विच कुलूपबंद पेटीत, आणि आर्थिंगचा खड्डा दरवर्षी एप्रिलमध्ये तपासून त्यात पाणी घाला. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि आर्थिंग नावापुरतं उरतं.

लाकूड साठवायला मशिनच्या खोलीवर माळा काढा, भाल त्या वजनाचे धरून. छपराखालची गरम हवा फळ्या वाळवते. प्रत्येक थरात दोन-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, म्हणजे हवा खेळेल आणि फळी वाकणार नाही. ओल्या लाकडाला इंचभर जाडीमागे साधारण एक वर्ष लागतं, हा जुना अंदाज आहे. तुमच्या दमट हवेत त्याहून थोडं जास्तच धरा. विहिरीकडचा फणस तोडून त्याचंच लाकूड वापरायचं तुमच्या मनात दिसतं. १९६४ चा झाडतोड नियमन कायदा खासगी जागेतल्या फणसालाही लागू आहे, वन विभागाची परवानगी घ्यावी लागेल. पण मला विचाराल तर तो फणस राहू दे. मे महिन्यात मुलं येतात ती काही एकट्या तुमच्या टेबलासाठी येत नाहीत.

हत्यारं गंजणार, हे धरून चाला. जुलैत रंध्याचं पातं रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी त्यावर तांबूस ठिपके दिसतात. बंद लाकडी कपाट करा, आत कमी वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब सतत चालू, आणि प्रत्येक पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, चिकटतं. मशिनच्या बिडाच्या टेबलावर मेण घासा. हे काम पावसाळ्यात दर आठवड्याचं आहे आणि ते नातीला फार आवडेल.

एक संडास आणि हात धुवायची मोरी जोत्याच्या जवळ बांधाच. आई असतील तिथे ते लागतं.

आता कधी सुरू करू, हा शेवटचा प्रश्न. कागदपत्रं पावसाळ्यात पुरी करा. दिवाळीनंतर जमीन वाळली की पाया. चिरे, गवंडी, सुतार या सगळ्यांची घाई एप्रिलमध्ये असते, म्हणून भिंती फेब्रुवारीअखेर उभ्या राहायला हव्यात आणि कौलं एप्रिलच्या मध्यापर्यंत चढायला हवीत. त्या मेमध्ये मुलं येतील तेव्हा दारं-खिडक्या नसल्या तरी चालेल. छप्पर, जमीन, आईंचा बाक आणि मुलांचं टेबल एवढं तयार ठेवा आणि सगळ्यांना महिनाभर ती जागा वापरू दे. कोण कुठे बसतं, ऊन कुठून येतं, प्लग कुठे कमी पडतो, ते त्या महिन्यात कळेल. वायरिंगचे पॉइंट त्यानंतर पक्के करा. मशिनची ऑर्डर सर्वांत शेवटी, गणपती झाल्यावर. जूनमध्ये मागवलंत तर बिडाचं टेबल पॅकिंगमध्येच गंजेल.